आक्षेप लेखी द्यावा

आमच्या कॉलनीतल्या विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर सिमेंटचा एक फळा होता. अजून आहे, आता त्याला हिरवा रंग दिलाय आणि वर पत्रा आलाय. कॉलनीत कुणाचंही लग्न ठरलं की आठ दिवस आधी दोन्ही नावं, दोन्ही गावं आणि लग्नाचा वार त्या फळ्यावर खडूने लिहायचा, आणि खाली एक ठरलेली ओळ: 'कोणाचा आक्षेप असल्यास लेखी द्यावा, खाली सही करावी. तोंडी आक्षेप ऐकला जाणार नाही.' ही रीत दुसरीकडे कुठे आहे का, मला माहीत नाही. आमच्याकडे ती माझ्या जन्माआधीपासून होती. कुणा एका नवरदेवाने गावाकडची पहिली बायको लपवली होती आणि ते लग्न लागल्यावर उघडकीला आलं, म्हणून विहाराच्या समितीने हा नियम केला. मसुदा माझ्या आजोबांचा होता. शेवटचं वाक्य तर खास त्यांचं. ते म्हणायचे, तोंडाने माणूस काहीही बोलतो. सही करायची वेळ आली की आपण काय बोलतोय ते त्याचं त्याला दिसतं.

आजोबा म्हणजे भिकाजी तायडे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे वडील महूच्या छावणीत शिपाई होते. आजोबा भरती झाले ते क्लार्क म्हणून, आणि नोकरीभर त्यांनी बंदुकीपेक्षा टाइपरायटर जास्त चालवला. इंदूरजवळ, राऊच्या अलीकडे घर बांधलं तेव्हा बैठकीच्या खोलीत आधी टाइपरायटरचं टेबल आलं, मग पलंग. मशीन हिंदीचं होतं, त्यावर 'ळ' नव्हता. मराठी मजकूर असला की आजोबा तेवढी जागा सोडत आणि कागद बाहेर काढल्यावर एकेक 'ळ' पेनाने भरत. कॉलनीतल्या लोकांचे पेन्शनचे, नळाचे, बदलीचे अर्ज त्या मशीनवर निघाले. माझे आईवडील देपालपूरला नोकरीला होते आणि मी शिकायला आजीआजोबांकडे. माझी सकाळ तीन आवाजांनी व्हायची: विहाराच्या भोंग्यावरची वंदना, टाइपरायटरची टकटक आणि आजीच्या खलबत्त्याचे ठोके. जीरावन, म्हणजे वरून घालायचा इंदुरी मसाला, ती घरी कुटायची, बाजारचं तिला चालत नसे. पोह्यांवर सेंव, सेंवेवर जीरावन भुरभुरून ती ताटली पुढे करायची आणि म्हणायची, "खा लवकर. मग कॉलेजात चक्कर येईल तो मला नको सांगू."

मित्राआत्या, पूर्ण नाव संघमित्रा, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. एका खासगी शाळेत गणित शिकवायची. वैशाली इंगळे मूळची अकोल्याची. सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या कामावर लागली आणि आमची वरची खोली तिने भाड्याने घेतली. तेव्हा मी आठवीत होते. ती आली तेव्हा तिच्याजवळ एक पेटी, एक गादी आणि पाने-पक्कडींचा एक डबा होता. पुढच्या वर्षभरात स्वयंपाकघरातला गळका नळ, आजीचा मिक्सर आणि टाइपरायटरची अडकणारी कळ, ही तिन्ही सुधारली. भाडेकरूची ती घरातली कधी झाली हे मला नक्की सांगता येत नाही, आणि जे नक्की माहीत नाही ते न लिहिण्याची सवय मला नोकरीने लावली आहे. एवढं नक्की की एका उन्हाळ्यात आत्याने तिसरं स्थळ नाकारलं, आजोबांनी जेवताना कारण विचारलं, आणि तिने सगळ्यांसमोर, वैशालीच्या देखत, ते सांगितलं. आजी भाकरी करत होती. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, शेकली, आणि मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. दोघी सहा महिन्यांपासून एकच साबण आणून राहिल्यात."

चौथ्या दिवशी आजोबांनी कपाटातून एक नवी फाइल काढली आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'संघमित्रा, विवाह'. आत पहिला कागद लावला तो वर्तमानपत्राचं जुनं कात्रण होतं. अशा संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम दिल्लीच्या हायकोर्टाने त्याआधीच बाद केलं होतं. कात्रण त्या बातमीचं. ते त्यांनी तेव्हा का कापून ठेवलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. दुसरा कागद त्यांनी स्वतः टाइप केला: विवाहनोंदणीचा अर्ज. तारीख रिकामी. खाली तीन साक्षीदारांच्या जागा. पहिली त्यांची, दुसरी आजीची. तिसरीसमोर माझं नाव पेन्सिलने. "अठरा पूर्ण झाली की शाईने लिहू," ते म्हणाले. "एक पाऊल पडलंय, लग्नाचा कायदा हे दुसरं. तो येईल त्या दिवशी कचेरीच्या रांगेत आपण पहिले असलो पाहिजे. लोक कायदा आल्यावर कागद शोधत बसतात."

त्यानंतरची दोन-अडीच वर्षं मला आमच्या घरातली सर्वांत मोकळी वर्षं वाटतात. बुद्धपौर्णिमेच्या जेवणात आजोबा पाहुण्यांना ओळख करून देत, "ही माझी लेक, आणि ही तिची जोडीदार. हिच्या सहीशिवाय कारखान्याच्या फाटकातून माल बाहेर जात नाही." ओळख आत्याची असो की वैशालीची, सहीचं वाक्य यायचंच. वैशालीला हाक काय मारायची हा प्रश्न मला पडला तेव्हा तीच म्हणाली, "आत्याच्या नवऱ्याले आतोबा म्हणतात न? मंग म्हण आतोबा." मी महिनाभर म्हणत होते. आजीने मग ते बंद केलं. ऐकून तिला हसू यायचं आणि दूध उतू जायचं.

मग आजोबांना छातीचा त्रास सुरू झाला. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी ठरवलं की कायद्याची वाट पाहत लग्न अडवायचं नाही. नोंद सरकार करेल तेव्हा करेल, लग्न आपण धम्माच्या रीतीने लावू. डिसेंबरातला रविवार ठरला. त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी ते खडूची डबी घेऊन निघाले. मी सोबत होते. समितीचे सचिव गजभियेजी विहाराच्या पायरीवरच भेटले.

"सुभेदार साब, माझा विरोध नाही. पण घरातल्या घरात करून घ्या ना. फळ्यावर लिहायची काय गरज?"

"नियम आहे."

"अहो, नियम तो तुम्हीच बनवला आहे!"

"म्हणूनच," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं: 'आयु. संघमित्रा भिकाजी तायडे, इंदूर. आयु. वैशाली रामराव इंगळे, अकोला. रविवार, सकाळी अकरा.' खाली ती ठरलेली ओळ.

तीन दिवस कुणी लेखी काही दिलं नाही. तोंडी बरंच झालं. दुधाच्या डेअरीवर दोन बायका मला पाहून गप्प झाल्या. एकीने आजीला विचारलं, "हळद कुणाला लावणार, दोघींतल्या?" आजी म्हणाली, "दोघींना. हळद काय औषधाला आणायची आहे?" घरात पातळ पांढऱ्या साड्या आल्या, आचारी ठरला. मी त्या तीन दिवसांत घाबरले होते का? नाही. म्हणूनच पुढचं नीट लिहायला हवं.

बुधवारी सकाळी मला तास नव्हता. आजी गराडू सोलत होती. थंडीत इंदुरात हा कंद तळून खातात, त्याची साल काढताना हात खाजतात म्हणून तिने हातांना तेल लावलं होतं. टीव्हीवर तांबडी पट्टी सरकू लागली. सुप्रीम कोर्टाने दिल्लीचा निकाल फिरवला होता. कलम परत आलं होतं. आजोबा चष्मा लावून उभे राहिले, पट्टी दोनदा वाचली आणि म्हणाले, "आवाज कमी कर." आवाज आधीच बंद होता. ते कलम दोन बायकांना लागू होतं की नाही यावर वकिलांत मतभेद होते, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. त्या दिवशी ते आमच्या घरात कुणी विचारलं नाही. आमच्यापुरतं इतकंच होतं की पट्टीवर 'गुन्हा' हा शब्द होता आणि चारशे पावलांवर, भर रस्त्यावर, दोन नावं आमच्याच आजोबांच्या अक्षरात लिहिलेली होती.

आत्या शाळेतून आली आणि तिने चप्पल न काढताच सांगितलं, "मोठ्या बाईंनी काही विचारलं नाही. रोज विचारतात, तयारी कुठवर आली म्हणून. आज नाही." वैशाली तोंडाला ओढणी गुंडाळून आली आणि ती तिने घरातही बराच वेळ सोडली नाही. दिवेलागणीला तिच्या भावाचा फोन आला. विलास इंगळे, अकोल्याला असतो, तिच्यापेक्षा मोठा. चार वर्षांत त्याचा फोन कधी आला नव्हता. वैशालीने आजोबांसमोर मोबाइलचा स्पीकर लावला.

"आता कायदा माह्या बाजूनं हाये, वैशू," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मले सगळं समजलं. तिथं आपले लोक हायेत, सांगतात मले. शनिवारी येतो. त्या फळ्यावर काय लिवलं ते माह्या डोयानं पाह्यतो, अन् तिथूनच ठाण्यात जातो. तू गुमान संग चाल, नाही तं त्या म्हाताऱ्याले आत टाकीन. पोरगी पळवली म्हणून सांगीन."

"दादा, मी पस्तीस वर्षांची आहो."

"त्याचं काय?" तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्यानंतर कुणी काय बोललं ते मला आठवतं असं मी म्हणणार नाही. एवढं आठवतं की आत्याने जिन्यावरच्या दाराला आतून कडी लावली, परत काढली, परत लावली. आजोबांच्या श्वासाचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू येत होता. मी सारखी एकच गोष्ट मनात फिरवत होते: तो फळा पाहणार आहे. फळा हाच पुरावा. अर्ज फाइलमध्ये आहे, साड्या कपाटात, आचाऱ्याला नावं ठाऊक नाहीत. पुरावा तेवढा एक.

गुरुवारी पहाटे दूध आणायला मीच जात असे. फटफटलं होतं, भोंगा अजून सुरू व्हायचा होता. विहाराच्या नळावर मी ओढणीचं टोक ओलं केलं आणि फळा पुसला. आधी नावं, मग वार, मग खालची ओळ. खडू ओला झाला की पांढरा चिखल होतो, म्हणून कोरड्या टोकाने पुन्हा पुसला. चारही कोपरे पुसले. मग दूध घेऊन घरी आले. कुणी पाहिलं नाही. मला हलकं वाटलं. ते किती वेळ टिकलं तेही सांगता येईल, कारण गजभियेजी आले तेव्हा आजोबा दुसरा चहा घेत होते. तासभर.

"सुभेदार साब, फळा कोणी साफ करून टाकला."

आजीच्या हातातली कपबशी वाजली. आणि मग मी जे केलं होतं त्याचा अर्थ माझ्यासमोर, माझ्याशिवाय, लागत गेला. विलास अकोल्यात होता, म्हणजे पुसणारा इथलाच. म्हणजे त्याने सांगितलेले 'आपले लोक' खरोखर होते. डेअरीवरच्या बायका, समोरच्या घरातला निवृत्त पोस्टमन, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, एकेकाचं नाव आजी घेत गेली आणि एकेक माणूस आमच्यासाठी परका होत गेला. गजभियेजींनी हात जोडले. "काल मी गप्प राहिलो. पण आता कॉलनीतच कोणी उठून राहिलंय तो विहारात नको, साहेब. तिथे लेकरं शिकायला येतात. पोलीस आले, धक्काबुक्की झाली तो मी काय उत्तर देऊ?" आत्याचं लग्न विहारात होणार नाही, हे माझ्या ओल्या ओढणीने ठरवलं होतं. मी कबूल करायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "आजी, दूध तापवू का?"

आजोबा फळा पाहून आले. "ओल्या कापडाने पुसलाय," ते म्हणाले. "नीट. कोपरेसुद्धा. वैरी असता तर नावांवर काट मारली असती, घाण लिहिलं असतं. हे कोणीतरी घाबरून पुसलंय." हे बोलताना त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. मग म्हणाले, "डबी घे पोरी."

मी खडूची डबी धरून उभी राहिले आणि त्यांनी सगळं पुन्हा लिहिलं. नावं तीच, वार तोच. विहाराऐवजी आता जागा 'वधूपित्याच्या राहत्या घरी'. आणि ठरलेल्या ओळीत त्यांनी पहिल्यांदाच बदल केला: 'कोणाचा आक्षेप असल्यास तो लेखी, माझ्या घरी आणून द्यावा. सुभेदार भिकाजी तायडे, निवृत्त.' खाली घरनंबर, गल्ली, भेटायची वेळ. येणाऱ्याला आता विहारात जायचं कारण उरलं नव्हतं. तो सरळ आमच्या दारात येणार होता.

ते दोन दिवस मी आयुष्यात पुन्हा जगणार नाही. वैशालीने कारखान्यात रजा टाकली. आत्या शाळेत गेली, कारण न जाणं म्हणजे कबुली; तिला सोडायला आणि आणायला आजोबा रिक्षाने जात. आजीने खलबत्त्यातला बत्ता उचलून दाराआड ठेवला, त्यामुळे कुटायचा आवाज बंद झाला आणि पोह्यांवर दोन दिवस नुसती सेंव आली. गल्लीत फटफटी थांबली की सगळे जिथे असतील तिथे थांबत. हातात घास असेल तर घास तसाच. आजोबा तेवढे वेळापत्रकाने चालले. लेखी आक्षेप कुणाला द्यायचाच असला तर लागतील म्हणून त्यांनी टेबलावर कोरे कागद, त्यांच्यात कार्बन आणि वर पेन ठेवलं.

विलास शनिवारी दुपारी आला. एकटा, पायी, हातात रेक्झिनची पिशवी. माझ्या मनातला विलास धिप्पाड होता. हा बारका, बसच्या प्रवासाने पँट चुरगळलेली. दार उघडंच होतं. आजोबांनी उघडं ठेवायला लावलं होतं.

"वैशाली कुठं हाये?"

"बसा," आजोबा म्हणाले. "फळा पाहिला?"

"पाह्यला. म्हणूनच आलो. वेळ लिवली होती, दोन ते पाच." तो बसला नाही. "मोठा माणूस म्हणून तुमचा मान ठेवतो, आजोबा. तिले माह्या संग द्या, मी ठाण्यात जात नाही."

"ते ती ठरवेल. तुमचा आक्षेप आहे का?"

"हाये म्हंजे! काय विचारून राह्यले?"

"मग लेखी द्या. कागद ठेवलाय. दोन प्रती निघतील, एक तुमच्याजवळ राहील. ठाण्यातही लेखीच मागतात, तोंडी कोणी घेत नाही. इथे लिहा, हवा तर तोच कागद तिकडे न्या."

विलासने त्यांच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि तो बसला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. आजी मागे गराडू तळत होती. भीती वाटली की तिचे हात कामाला लागत. विलासने पेन उघडलं. लिहायला लागला तेव्हा कार्बनवर पेनाचा दाबून फिरण्याचा आवाज आला, आणि जिन्यावर पावलांचा. वैशाली खाली आली होती. मागे आत्या, तिचा हात वैशालीच्या दंडावर. आत्या ओढत होती की धरून होती, ते सांगता येत नाही.

पेन थांबलं.

"लिही न, दादा," वैशाली म्हणाली. "काय गुन्हा केला ते लिही. नाव लिही, बाबाचं नाव लिही, मी कोणासंग काय करतो ते लिही. खाली सही कर. मले बी वाचू दे."

तो कागदाकडे पाहत राहिला. भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं: नऊ मिनिटं. आजीने त्या नऊ मिनिटांत बशी आणून त्याच्या कोपरापाशी ठेवली. त्याने न बघता एक तुकडा तोंडात टाकला आणि चावताना पहिल्यांदाच मान वर केली. "हे काय हाये?"

"गराडू," आजी म्हणाली. "कंद आहे. जीरावन जुनं आहे, नवं कुटलं नाही." का कुटलं नाही ते तिने सांगितलं नाही.

विलास उठला. "लिवलं नाही म्हंजे मानलं असं समजू नका," तो म्हणाला. "मी पुन्हा येईन. ठाणं कुठं पळून जात नाही."

"या," आजोबा म्हणाले. "उद्या अकराला लग्न आहे. परवाही मी घरीच आहे."

तो गेला, पण ठाण्याकडे गेला की बसस्टँडकडे, हे कुणाला कळायला मार्ग नव्हता. टेबलावरच्या कागदावर एक अर्धी ओळ होती: 'मी विलास रामराव इंगळे, राहणार अकोला, लिहून देतो की माझी बहीण'. पुढे पेनाचं एक टिंब, बराच वेळ टेकल्यामुळे पसरलेलं. कार्बनखालच्या प्रतीतही ते उमटलं होतं. आजोबांनी दोन्ही प्रती फाइलमध्ये लावल्या.

रविवारी अकराला लग्न लागलं. माणसं चौदा आली, गजभियेजींसकट. आजोबांनी दार लावू दिलं नाही, म्हणून मला दारात उभं केलं. गल्लीच्या तोंडाशी वर्दीतलं कुणी किंवा ती रेक्झिनची पिशवी दिसली तर आत सांगायचं. माझ्या पाठीमागे त्रिशरण झालं, पंचशील झालं. दोघींनी प्रतिज्ञा म्हटल्या. आत्याचा आवाज वर्गात असतो तसा स्पष्ट, वैशालीचा ऐकूच आला नाही. टाळ्या झाल्या. मी तेवढा वेळ गल्ली पाहत होते. गल्लीत एक भंगारवाला गेला, एक कुत्रं ओटल्यावर चढून उन्हात झोपलं, पोस्टमनच्या सुनेने चादर वाळत घातली. आणखी कुणी आलं नाही. विलास त्या दिवशी आला नाही, पुढे कधीच आला नाही. पण हे आज माहीत आहे. तेव्हा तो येणार हेच आम्हाला माहीत होतं, आणि पुढची पाच वर्षं, ते कलम जाईपर्यंत, फटफटी दारात थांबली की आमच्या घरात घास थांबायचा. माझा अजून थांबतो.

आजोबा कलम गेल्याचं पाहून गेले. लग्नाच्या हक्काचा खटला सुप्रीम कोर्टात उभा राहिला तेव्हा ते नव्हते. सुनावणी मोबाइलवर दिसायची. आत्या शाळेतून आली की दोघी पलंगावर शेजारी बसून ती पाहायच्या, आजी ऐकू येत नसल्यामुळे त्यांचे चेहरे पाहायची. मी तोपर्यंत वर्तमानपत्रात होते. निकालाची बातमी माझ्याच टेबलावरून गेली. कोर्ट म्हणालं, लग्नाचा हक्क देणं आमच्या हातात नाही, ते संसदेचं काम. मी बातमी तीन वेळा तपासली, मथळा दिला आणि घरी आले. आत्या टाइपरायटरवर बसली होती. अर्जाचा कागद पिवळा पडला म्हणून ती नवीन करत होती.

"आता कशाला?" मी विचारलं.

"कायदा येईल त्या दिवशी कागद शोधत नाही बसायचं," ती म्हणाली. 'ळ'च्या जागा तिनेही सोडल्या होत्या. साक्षीदारांत आजोबांच्या नावाची जागा रिकामी होती. आजीचं नाव होतं. माझं आता शाईने होतं.

तेव्हा मी सांगितलं. ओढणीचं, आणि लग्न पाहिलं नसल्याचं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या बातम्यांत 'पाहिलं' आणि 'ऐकलं' यांतला फरक तपासत बसलेली मी, मला त्या जागेवर सही करता येणार नव्हती. आत्या पेनाने 'ळ' भरता भरता थांबली. "ओढणीचं माहीत होतं," ती म्हणाली. "खडूचा चिखल लागला होता. आईने त्याच सकाळी धुतली. बाबांनी सांगितलं होतं, तिला काही विचारू नका, ती घाबरली आहे." मी आजीकडे पाहिलं. आजी आमच्या तोंडांकडे पाहत होती, आणि हसत होती, कारण तिला काही ऐकू आलं नव्हतं.

वैशालीने मात्र पलंगावरून उठून अर्ज स्वतःकडे ओढला. "बरोबर आहे हिचं," ती म्हणाली. "पाहिल्याबिगर सही करू नये. माह्या कारखान्यात मी कोणाले करू देत नाही." तिने माझ्या नावासमोर पेन्सिलने छोटी फुली केली, दुरुस्तीला ठेवलेल्या मालावर करतात तशी. "कायदा आला की पुन्हा लावू. सगळं, पहिल्यापासून. दार कोणी दुसरं पाहील. तू आत बस."

फाइल त्या टेबलाच्या खणात आहे. आत कात्रण, दोन पिवळ्या प्रती, त्यांवरची दोन टिंबं, आणि नवा अर्ज. तारीख रिकामी. मी कुठे बसायचं ते ठरवून ठेवलंय: आजोबांच्या पलंगाच्या पायथ्याशी, दाराकडे पाठ करून.